पोपट पाळणारा रुग्ण

अमेरिकन वैद्यकीय परीक्षेतला रुग्ण हा जगातला सगळ्यात गुणी माणूस आहे. तो दवाखान्यात एकटा येतो. त्याला स्वतःचं वय नक्की माहीत असतं. दुखणं कधी सुरू झालं, कुठून कुठे सरकलं, कशाने वाढतं आणि कशाने थांबतं, हे तो क्रमाने सांगतो आणि सांगून झालं की गप्प बसतो. उंची, वजन, ताप, नाडी, रक्तदाब, मिनिटाला श्वास किती, सगळं आधीच मोजलेलं असतं. वडील बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले, आईला थायरॉइड आहे, स्वतः वीस वर्षं रोज एक पाकीट सिगारेट ओढतो, हेही तो सांगून टाकतो. विशेष म्हणजे खरं सांगतो. आणि एवढ्यावर न थांबता, जाता जाता हेही कानावर घालतो की गेल्या महिन्यात त्याने एक पोपट आणलाय.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. माझ्याकडे असा रुग्ण अजून यायचा आहे. माझ्याकडे एका वेळी चार माणसं आत येतात आणि त्यातलं आजारी कोण, हेच पहिलं निदान असतं.

"काय होतंय?"

"कसंतरीच होतंय."

"कसंतरी म्हणजे?"

"म्हणजे कसनुसं."

इथून पुढे सून म्हणते आठवडा झाला, सासू म्हणते यात्रेपासूनच आहे, आणि यात्रा नेमकी कधी होती यावर दोघींचं जुंपतं. वडील कशाने गेले विचारलं, तर "म्हातारपणानं." वय? "असतील पंचेचाळीस-पन्नास." कधी गेले? "बहात्तरच्या दुष्काळात." तंबाखू? "अजिबात नाही." मागून बायको, "खिसा बघा डॉक्टर." दारू? "कधीमधी." यावर बायको काहीच बोलत नाही, नुसती छताकडे बघते. गोळ्या कुठल्या चालू आहेत? "एक पांढरी, आणि अर्धी गुलाबी." नाव काय गोळीचं? "तुम्हीच दिलीय की!"

या दोन रुग्णांची गाठ घालून द्यायचं काम माझ्या पुतणीने केलं. एमबीबीएस झाली, इंटर्नशिप झाली, आणि तिने जाहीर केलं की ती यूएसएमएलई देणार, म्हणजे अमेरिकेत डॉक्टरकी करण्याच्या परवान्याची परीक्षा. आमच्या घरात यापूर्वी परवाना एकच होता, वडिलांच्या रेडिओचा. त्यामुळे सुरुवातीला कुणाच्या फार लक्षात आलं नाही.

ही परीक्षा पायऱ्यापायऱ्यांनी चढायची असते. पायऱ्यांना तिकडे स्टेप म्हणतात. पहिल्या स्टेपला पूर्वी तीन आकडी गुण मिळत आणि मुलं त्या आकड्यापायी झोप घालवत. म्हणून २६ जानेवारी २०२२ पासून तिथे फक्त पास किंवा नापास ठेवलं. आपल्या प्रजासत्ताक दिनी जगभरातल्या मेडिकलच्या मुलांची आकड्यांच्या गुलामीतून सुटका झाली म्हणायची. मुलांनी काय केलं? स्टेप टू सीके नावाच्या पुढच्या परीक्षेला आकडा शाबूत होता, सगळी तिकडे पळाली. पुतणीच्या वेळी ही दुसरी परीक्षा नऊ तासांची होती. एकेका तासाचे आठ भाग आणि जास्तीत जास्त ३१८ प्रश्न. २१८ गुणांना पास. पण २१८ म्हणजे या मुलांच्या लेखी बदनामीच, आणि २५० च्या खाली गेलं तर घरात सुतक. एका स्टेपचं शुल्क रुपयांत लाखाच्या घरात जातं. ते भरल्यावर माझा भाऊ महिनाभर घरातले दिवे बंद करत फिरत होता.

तर 'हाय-यील्ड' हा शब्द तेव्हा आमच्या घरात आला. वैद्यकशास्त्राला अंत नाही, आयुष्याला आहे, आणि परीक्षेची तारीख तर त्याच्याही आधी आहे. तेव्हा तासाभराच्या अभ्यासात जास्तीत जास्त गुण कुठून पडतील, ते आधी करायचं. पुस्तकांवर, व्हिडिओंवर, नोट्सच्या समासात, सगळीकडे हाच शिक्का. मला वाटायचं, जे आजार लोकांना जास्त होतात ते हाय-यील्ड असणार. पुतणीने माझ्याकडे दयेने पाहिलं. म्हणाली, "काका, जे जास्त होतं ते नाही. जे जास्त विचारतात ते."

उदाहरणार्थ फिओक्रोमोसायटोमा. अ‍ॅड्रिनल ग्रंथीची ही गाठ. अधूनमधून डोकं ठणकतं, दरदरून घाम येतो, छाती धडधडते, रक्तदाब आभाळाला भिडतो. मी एवढी वर्षं दवाखाना चालवतोय, पण ही गाठ अजून मला भेटलेली नाही. तिने मला लांबून पाहिलं असेल तर माहीत नाही. परीक्षेत मात्र ती सारखी भेटते आणि आधी अल्फा ब्लॉकर, मग बीटा ब्लॉकर हा क्रम चुकला की गुण गेला. उलट खरूज. माझ्या दवाखान्यात घरंच्या घरं खाजवत येतात, सगळ्यांनी एकाच रात्री मलम लावायचं हे समजावताना माझा घसा बसतो. पुतणीच्या वहीत खरजेला दीड ओळ.

शब्द एकदा घरात शिरला की घरचाच होतो. हळदीकुंकवाचं आमंत्रण आलं, पुतणी म्हणाली, "लो-यील्ड." चुलत्यांच्या नव्या घराची वास्तुशांत, लो-यील्ड. नागपूरच्या आत्याचा फोन, "दहा मिनिटांपुरता हाय-यील्ड, मग उतरती कळा." आमची आई, म्हणजे तिची आजी, ऐंशी पार केलेली. तिने हे आठवडाभर नीट ऐकलं आणि नंतर मंडईतून आलेली गवार निवडताना शेंग मोडून म्हणाली, "जून आहे. लो-यील्ड."

दुसरा मंत्र 'नेक्स्ट बेस्ट स्टेप'. या परीक्षेची खरी गोम तिथे आहे. पाचही पर्याय बरोबर दिसतात, पण आधी काय करायचं? मधुमेही रुग्ण केटोॲसिडोसिसमध्ये आला, तर इन्सुलिन द्यायचंच आहे, पण आधी सलाईन. अपघातात छातीत हवा कोंडून फुप्फुस दबलंय, रक्तदाब कोसळतोय, तर एक्स-रे मागवणारा नापास; आधी छातीत सुई घालून हवा सोडायची. अर्धमेल्या दारुड्याला ग्लुकोज देताना थायमिन विसरायचं नाही. मला हा भाग मनापासून आवडला, कारण यात अक्कल लागते. घरच्यांना मात्र त्याचा जाच व्हायला लागला. एका सकाळी नळाला पाणी नव्हतं. भावाने प्लंबरला फोन लावायला घेतला, तर आतून आवाज, "बाबा, टाकीत किती आहे ते आधी बघा. पेशंट स्टेबल करा, निदान नंतर." भाऊ टाकीवर चढला. पाणी होतं. वरचा कॉक कुणीतरी बंद केला होता. त्या दिवसापासून भाऊ तिच्याशी वाद घालत नाही.

या अभ्यासाचा सगळ्यात वाईट परिणाम लग्नात दिसतो. सांगलीला नात्यातलं लग्न होतं. मंगलाष्टकं चालू, अक्षता मुठीत, आणि ही माझ्या कानाशी, "काका, मुलाची बोटं बघा. हात गुडघ्यापर्यंत येतायत. याचा इको झालाय का?" नवरा मुलगा उंच आणि किडकिडीत होता एवढं खरं. पण मार्फान सिंड्रोमच्या संशयावरून अंतरपाट पुन्हा धरता येत नाही, हे मी तिला सांगितलं. मग पंगतीत वधूच्या मामांच्या मानेवरचा काळा मखमली पट्टा तिला दिसला. तो मात्र मलाही दिसला होता. हे लक्षण पक्कं, साखर वाढत चालल्याचं. मामा तेव्हा जिलबीच्या तिसऱ्या वाढपावर होते. "तुमची एचबीएवनसी कधी केली होती?" असं तिने विचारल्यावर मामांना वाटलं मुलगी एलआयसीची आहे, त्यांनी नम्रपणे सांगितलं की पॉलिसी चालू आहे.

पाठांतराचं यंत्रही मला तिने दाखवलं. अँकी नावाचं. मोबाइलवर एक पत्ता येतो, समोर प्रश्न, पाठीमागे उत्तर. आलं तर तो पत्ता चार दिवसांनी भेटतो, नाही आलं तर चार मिनिटांनी. मूळ तत्त्व हेरमान एबिंगहाउस या जर्मन माणसाचं. त्याने १८८५ मध्ये स्वतःवरच निरर्थक अक्षरांच्या पाठांतराचे प्रयोग करून माणूस किती वेगाने विसरतो ते मोजलं. आजीला हे सविस्तर ऐकवलं. ती म्हणाली, "म्हणजे परवचा. दिवेलागणीला आम्ही म्हणायचोच की. पावकी-निमकी चुकली की परत. त्याला जर्मन माणूस कशाला लागतो?" पुतणीने उत्तर दिलं नाही, कारण तेवढ्यात हजारभर पत्ते तिची वाट बघत होते. घरात संध्याकाळी एका खोलीतून रामरक्षा आणि दुसऱ्या खोलीतून प्रतिजैविकांची नावं, असं बराच काळ चाललं. रामरक्षा लवकर संपायची.

मग खाद्यपदार्थ. विकृतिशास्त्र कुणी लिहिलं असेल ते असो, पण जेवणाआधी लिहिलं असावं. हृदय थकून रक्त मागे तुंबलं की यकृत जायफळासारखं दिसतं. अमीबाने यकृतात गळू केलं की पू अँचोव्ही नावाच्या माशाच्या सॉससारखा. बाळाचं आतडं आतड्यात शिरलं की शी करंट जेलीसारखी. एका आजारात लघवीला मेपल सिरपचा वास, एका आजारात अंगावर दूधकॉफीच्या रंगाचे डाग, जन्मतः रुबेला असलेलं बाळ ब्लूबेरी मफिनसारखं, घशाला सूज आणि अंगावर पुरळ आलं की जीभ स्ट्रॉबेरीची. छातीच्या एक्स-रेवर गाठ दिसली आणि तिच्यात पॉपकॉर्न असलं तर घाबरू नये. एका त्वचेच्या बुरशीला सूक्ष्मदर्शकातून पाहिलं की स्पॅगेटी आणि मीटबॉल्स दिसतात. आमच्या पुतणीने आयुष्यात मेपल सिरप चाखलेलं नाही, अँचोव्ही पाहिलेला नाही, ब्लूबेरी तिला पुण्याच्या मॉलमध्ये लांबून दाखवली होती. पण या सगळ्यांशी तिची ओळख आहे ती लघवी, पू आणि पुरळ यांच्यामार्फत. उद्या अमेरिकेत कुणी नाश्त्याला पॅनकेकवर मेपल सिरप ओतून पुढे केलं, तर ही एन्झाइमचं नाव सांगेल.

या यादीत आपला एकच पदार्थ आहे. अमायलॉइड नावाचं प्रथिन प्लीहेत साठलं, की कापलेल्या प्लीहेवर साबुदाणे पेरल्यासारखं दिसतं. नावच साबुदाणा-प्लीहा. ही माहिती तिने आषाढी एकादशीला, ताटात खिचडी पडल्यावर दिली. आजी शांतपणे म्हणाली, "दाणे भिजले नसतील नीट."

शिळा भातही वाचला नाही. उरलेला भात बाहेर राहिला की त्यात बॅसिलस सीरिअस नावाचा जिवाणू विष करून ठेवतो, परत परतल्याने विष जात नाही, आणि तासा-दोन तासांत उलट्या. परीक्षेत हा रुग्ण चिनी हॉटेलातला फ्राइड राइस खाऊन येतो. आमच्याकडे त्याला फोडणीचा भात म्हणतात आणि घराण्याच्या तीन पिढ्या त्यावर शाळेत गेल्या. माझी बायको म्हणाली, "मग काय, भात टाकून द्यायचा?" तह असा झाला की उरलेला भात रात्रीच फ्रीजमध्ये. मधाच्या बाबतीत मात्र तह झाला नाही. चुलत बहिणीच्या बाळाच्या बारशाला कुणीतरी सोन्याच्या वळ्याने मध चाटवायला निघालं, तशी पुतणी पाळण्याच्या आडवी उभी राहिली. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही, बोट्युलिझम होतो. बायका बघत राहिल्या. शेवटी आजीनेच वळं काढून घेतलं आणि म्हणाली, "नुसतं सोनं लावा. सोन्याला काही होत नाही ना ग?" पुतणी विचारात पडली. सोन्यानेही मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो, हे संधिवाताच्या जुन्या औषधांत आहे. पण तेवढ्यात मी तिचा हात दाबला.

भूगोल तर वेगळाच. बाई अजून विमानात बसलेल्या नाहीत, पण ओहायो आणि मिसिसिपी नद्यांचं खोरं त्यांना पाठ. तिथे गुहेत वटवाघळं आहेत आणि गुहेत जाऊन आलेला रुग्ण खोकतो, म्हणजे हिस्टोप्लाझ्मा. अ‍ॅरिझोनाचं वाळवंट, वादळ, खोकला, म्हणजे कॉक्सिडिऑइडिस. कनेक्टिकटमधल्या जंगलात फिरायला गेला, गोचीड चावली, अंगावर नेमबाजीच्या फळ्यासारखं लाल वर्तुळ उठलं, म्हणजे लाइम. लाइम हे तिथल्या एका गावाचंच नाव. मी म्हटलं, गोचीड आपल्याकडेही आहे. १९५७ मध्ये शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली, त्यातून जो ताप सापडला तो पुढे सिंधुदुर्गातही पोचला. दोडामार्गाकडे लोक त्याला माकडताप म्हणतात, काजूच्या बागेत राबणाऱ्याला होतो. पुतणीने चटकन विचारलं, "विचारतात?" अमेरिकेत कशाला विचारतील! काजू खातात, तेवढंच.

कबुतरांचा धागा तर आपल्याकडे चालतच नाही. परीक्षेत 'घराजवळ कबुतरं' हे दोन शब्द आले की क्रिप्टोकॉकस. दादरला हा प्रश्न विचारून बघा. तिथे कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये भांडण हायकोर्टात होतं, ताडपत्र्या लागल्या, फाडल्या गेल्या. घराजवळ कबुतरं नसलेला रुग्ण मिळाला तर त्याचीच केस रिपोर्ट लिहावी लागेल.

आणि विंचू. या एका जागी मी थोडा गंभीर झालो, हे कबूल. स्वादुपिंडाला सूज येण्याच्या कारणांचं एक इंग्रजी लघुरूप जगभरची मुलं पाठ करतात. त्यातलं एक अक्षर विंचवाचं. त्रिनिदादमधल्या एका विंचवामुळे ते तिथे बसलंय. मुलं त्या अक्षराला हसतात आणि पुढे जातात, तो एक गमतीचा दागिना. मी विचारलं, "आपल्या कोकणातल्या लाल विंचवाने माणूस कसा मरायचा, माहीत आहे?" माहीत नव्हतं. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर रात्र-रात्र अशा रुग्णांच्या उशाशी बसले. विषाने मज्जासंस्था पेटते, हृदय दमतं, फुप्फुसात पाणी भरतं आणि धडधाकट माणूस, बरेचदा लहान मूल, जातं. प्राझोसिन नावाची साधी रक्तदाबाची गोळी वेळेवर दिली तर ते वाचतं, हे त्यांनी पुढे दाखवून दिलं आणि ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुतणी ऐकत होती. "प्राझोसिन," ती म्हणाली, "आमच्याकडे ते युद्धावरून आलेल्या सैनिकांना वाईट स्वप्नं पडतात त्याला आहे. आणि प्रोस्टेटला." मग तिने वहीत लिहून घेतलं. समासात चांदणी काढली नाही, पण लिहून घेतलं.

नीतिशास्त्राचे प्रश्न हा स्वतंत्र विनोद आहे. रुग्ण रडतोय, चिडलाय, शस्त्रक्रियेला नाही म्हणतोय. डॉक्टरने आधी काय बोलावं? पुतणीने मला युक्ती सांगितली. उपदेश चूक. 'काळजी करू नका, सगळं ठीक होईल' हे चूक. कमिटीकडे पाठवणं जवळजवळ कायम चूक. बरोबर उत्तर तेच, ज्यात डॉक्टर म्हणतो, हे तुम्हाला किती अवघड जात असेल, तुम्हाला याबद्दल काय वाटतं, जरा सांगाल का? पूर्वी याची प्रत्यक्ष परीक्षाही होती. अमेरिकेतल्या पाच शहरांत भाडोत्री नट रुग्ण होऊन बसत, दारावर टकटक करून आत जायचं, हात धुवायचे, पायावर चादर घालायची. करोनात ती थांबली आणि २०२१ मध्ये कायमची गेली. मी म्हटलं, बरं, आपण करून बघू. दुसऱ्या दिवशी गुडघेदुखीचे एक शेतकरी आले. मी खुर्ची पुढे घेतली, डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, "तुम्हाला या दुखण्याबद्दल काय वाटतं?"

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ते तुम्ही सांगायचं. त्याचे पैसे घेता ना?"

तरी ही विद्या फुकट नाही हे मान्य करावं लागेल. परीक्षेआधी दोन-तीन महिने ती दुपारी माझ्या दवाखान्यात बसायची. एके दिवशी मधुमेहाच्या एक काकू आल्या, "काही नाही, गॅस धरलाय, आणि गळून गेल्यागत होतंय, सलाईन लावा." छातीत दुखतंय का? छे! मी रक्तदाबाचा पट्टा गुंडाळेपर्यंत पुतणी ईसीजीच्या तारा घेऊन उभी होती. मधुमेही बाईचा हार्ट अटॅक छातीत न दुखता येऊ शकतो, हे तिच्याकडे हाय-यील्डांचं हाय-यील्ड. पट्टी निघाली, तीन लीड्स वर उचललेल्या. अ‍ॅस्पिरिन चावायला लावली, ॲम्ब्युलन्स मागवली, साताऱ्याला पाठवलं, वेळेत स्टेंट पडला. पंधरा दिवसांनी त्यांचा मुलगा पेढे घेऊन आला आणि गावभर सांगत सुटला की डॉक्टरांनी वेळेवर सलाईन लावलं म्हणून आई वाचली. सलाईन लावलं होतं, हे खरं आहे. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत शिरेत वाट उघडी ठेवायला.

आणि मग पोपटवाला आला.

तो खराच पोपटवाला. एसटी स्टँडबाहेर पिंजरा, पुढे पाकिटांची रांग, पोपट चोचीने एक उचलतो आणि तुमचं भविष्य निघतं. खोकला, संध्याकाळी कणकण, वजन उतरलेलं. पुतणीने धंदा विचारला आणि उत्तर ऐकून तिचा चेहरा उजळला. "पक्ष्याशी संपर्क आहे?" "संपर्क? पोट आहे बाई त्याच्यावर. माझ्या ताटातलं खातो." माझ्या टेबलाखालून तिने माझ्या पायाला पाय लावला. सिटॅकोसिस, म्हणजे पोपटाकडून माणसाला होणारा आजार! पुस्तकातला, चित्रातला, हाडामांसाचा! तिने डोकेदुखी विचारली, प्लीहा चाचपली, पोपट आजारी होता का विचारलं. पोपट ठणठणीत होता. मी विचारलं, खोकला किती दिवस? "महिना झाला असेल." तेव्हा मी डबी पुढे केली. दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे आधी थुंकी, हे आमच्या सरकारी फळ्यावर मराठीत लिहिलेलं आहे, आणि त्याला अमेरिकन परवाना लागत नाही. उपजिल्हा रुग्णालयातून अहवाल आला: क्षयरोग, रिफॅम्पिसिनला दाद देणारा. सहा महिने फुकट औषध, पोषणाचे महिन्याला पैसे.

पुतणी जरा खट्टू झाली. त्याने मात्र जाताना एक प्रश्न टाकला, "डॉक्टर, माझ्यापासून पोपटाला होईल का?"

मी हसलो. पुतणी हसली नाही. रात्री तिने शोधून काढलं: होतो. माणसाचा क्षय पोपटाला होऊ शकतो, तसं नोंदलेलं आहे. सगळी परीक्षा पोपटाकडून माणसाकडे बोट दाखवते, आणि इथे गरीब पक्ष्यालाच धोका. दुसऱ्या दिवशी तिने त्याला बोलावून समजावलं, खोकताना तोंडाला फडकं, पिंजरा लांब, ताट वेगळं. आरोग्य कर्मचारी घरी भेट द्यायला येतील, असंही सांगितलं. त्यासरशी त्याचा चेहरा बदलला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पोपट पाळायला बंदी आहे, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. म्हणाला, "पोपट माझा नाही. मेव्हण्याचा आहे. आणि मेव्हणा गावाला गेलाय."

परीक्षा मुंबईला झाली. केंद्रात शिरताना खिसे उलटे करून दाखवायचे, बाह्या वर करायच्या, चष्मा काढून द्यायचा, अंगावरून यंत्र फिरवायचं. नऊ तासांत मधल्या सुट्ट्या सगळ्या मिळून पाऊण तास. आजीने त्या पाऊण तासासाठी दशम्या, लसणाची चटणी, भिजवलेले बदाम, खडीसाखर आणि एक उकडलेलं अंडं दिलं होतं. अंड्याचं कारण विचारलं, तर "मेंदूला." हे तिला कुणी शिकवलं माहीत नाही, नातीच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. निघताना हातावर दही-साखर पडलीच.

रात्री उशिरा पोरगी घरी आली. डोळे खोल गेलेले, पण पाय धुऊन थेट पानावर बसली. सगळे भोवती. भाऊ म्हणाला, "मग, काय काय विचारलं?"

"सांगता येत नाही, बाबा. करार असतो. एकसुद्धा प्रश्न बाहेर सांगायचा नाही."

भाऊ ताटकळत उभाच राहिला. दोन वर्षं या घराने शिळ्या भातापासून मामांच्या मानेपर्यंत सगळं ऐकून घेतलं, आणि जेव्हा खरोखर ऐकायची वेळ आली तेव्हा तोंडाला कुलूप. शेजारच्या वहिनी कठड्यावरून डोकावल्या होत्या, त्या हळहळत म्हणाल्या, "म्हणजे अवघड गेला असणार ग." बायको पुन्हा पुन्हा नुसतं "पण साधारण?" विचारत होती.

आजी पुढे सरकली. "बाकीचं राहू दे. साबुदाणा आला होता का, तेवढं सांग."

"आजी, करार."

"मान हलव नुसती."

पुतणीने मान हलवली नाही. ताटातली खिचडी संपवली आणि आणखी मागितली. आजीने त्याचा अर्थ 'आला होता' असा लावला, आणि सकाळच्या दूधवाल्यापासून सगळ्यांना तसंच सांगितलं.